मदत हवी आहे: वर्गासाठी देणगी द्यायची, पण रोख की वस्तू?

नमस्कार मंडळी. आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून दरवर्षी थोडी रक्कम शिक्षकांच्या थेट उपयोगी पडेल अशी द्यायची म्हणतोय. मोठ्या निधीत टाकायची नाही, एखाद्या वर्गापर्यंत पोचवायची. गाडी अडलीय ती रोख द्यावी की वस्तू, इथे.

अमेरिकेतल्या डोनर्सचूझ या वर्गांसाठी ऑनलाइन देणग्या मिळवणाऱ्या संस्थेची पद्धत मला पटते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या चार्ल्स बेस्ट या इतिहासाच्या शिक्षकाने २००० साली ती सुरू केली. शिक्षक गरज लिहितात, देणगीदार त्यातून निवडतात, आणि पैसे शिक्षकाच्या हातात न देता संस्थाच वस्तू विकत घेऊन शाळेत पाठवते. हिशेब चोख, संशयाला जागा नाही. पण मग मागणी लिहिण्यात जो तरबेज, त्याच्याच वर्गाला जास्त मिळणार, नाही का? शिवाय प्रिंटरची शाई किंवा मोडक्या बाकांची दुरुस्ती अशा कंटाळवाण्या गोष्टींना कोण पुढे येणार? टॅबलेटला लगेच येतील. (फोटो चांगला येतो ना!)

इथल्या शिक्षकांना विचारायचंय: तुमच्या खिशातून सगळ्यात जास्त खर्च कशावर होतो? शाळेची परवानगी आधी घ्यायची हे उघड आहे, पण शिक्षकाची बदली झाली तर वस्तू वर्गाकडे राहते की त्यांच्यासोबत जाते? आणि एकदम मोठी रक्कम बरी की दर सत्राला थोडी थोडी?

देणगीदारांनीही अनुभव सांगा, वाईट असला तरी चालेल.