झायलिटॉलच्या गोळ्यांनी आईचं पोट बिघडतंय, काय करू?

केळीवाला_रावेर: नमस्कार मंडळी, आईचं तोंड सारखं कोरडं पडतं, दाढा किडायला लागल्यात म्हणून डेंटिस्ट मॅडमनी जेवणानंतर झायलिटॉलच्या (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) गोळ्या चघळायला सांगितल्या. तोंडाला बरं वाटतंय पण पोटात गुडगुड, गॅस अन् दुपारून पातळ होतंय. आपल्याकडचा उन्हाळा माहितीये ना, जुलाबाने पाणी कमी झालं तर काय करायचं? बंद करू का?

अमळनेरची_ताई: लगेच बंद नका करू भाऊ, आई एका वेळी किती घेतात ते आधी बघा. झायलिटॉल छोट्या आतड्यात हळूहळू अन् अर्धवटच शोषलं जातं, उरलेलं पुढे जाऊन पाणी ओढतं आणि मोठ्या आतड्यातले जंतू त्याचा गॅस करतात, त्यामुळे एकदम चार गोळ्या तोंडात टाकल्या की त्रास होणारच. दातांसाठी साधारण 5 ते 10 ग्रॅम दिवसभरात 3 ते 5 वेळा विभागून घेतात. जुलाब थांबेपर्यंत गॅप द्या, ओआरएस पाजा, मग जेवणानंतर एकेक गोळीपासून सुरू करा, रिकाम्या पोटी नकोच. बऱ्याच जणांचं पोट हळूहळू सरावतं.

धुळ्याचा_भो: ताईंचं बरोबर आहे. पाकिटावरची यादी पण वाचा भो, सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असेल तर झायलिटॉलसारखेच हे गोड पदार्थही पोट ढिलं करतात. झेपतच नसेल तर मॅडमना एरिथ्रिटॉल या तशाच दुसऱ्या गोड पदार्थाचं विचारा, ते 90 टक्क्यांच्या आसपास छोट्या आतड्यातच शोषलं जाऊन लघवीवाटे जसंच्या तसं निघून जातं म्हणून गॅस कमी होतो. तेही एकदम जास्त घेतलं तर मळमळतं हां.

केळीवाला_रावेर: आत्ता पाकीट बघितलं, पहिलंच नाव सॉर्बिटॉल!! आईला रात्री भरितासोबत कच्चा कांदाही लागतो, त्याचं काही असेल का?

अमळनेरची_ताई: असू शकतं, कांद्यातले फ्रुक्टन्स (नीट न पचणारे कर्बोदके) पण तसाच गॅस करतात. आठवडाभर कांदा कमी करून बघा अन् फक्त झायलिटॉल असलेल्या गोळ्या आणा. गोळ्या थांबवूनही जुलाब राहिले किंवा रक्त दिसलं तर पोटाच्या डॉक्टरांकडे न्याच, वयस्कर माणसाच्या बाबतीत वाट बघत बसू नका. फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश मात्र दोन्ही वेळा चालूच ठेवा.

धुळ्याचा_भो: आणि शेतावर कुत्रा असेल तर गोळ्या उंच ठेवा भाऊ, झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं, थोड्याने पण त्यांच्या रक्तातली साखर एकदम खाली जाते.

केळीवाला_रावेर: आहे ना, दोन आहेत. डबी आत्ताच कपाटात टाकली. मॅडमना उद्या फोन लावतो.