मदत हवी आहे: किनाऱ्यावरील घरासाठी स्टँडिंग सीम छप्पर

नमस्कार. देवगड तालुक्यातील आमच्या घराची मंगळुरी कौले उतरवून स्टँडिंग सीम पद्धतीचे, म्हणजे लांब पत्र्याच्या पट्ट्यांचे, छप्पर घालण्याचा विचार आहे. नेहमीच्या पत्र्याला स्क्रूसाठी भोके पाडावी लागतात, रबरी वॉशर उन्हाने तडकतात आणि तिथूनच गळती सुरू होते. या पद्धतीत मात्र पट्ट्यांच्या उभ्या कडा एकमेकींत दुमडून आतल्या क्लिपांना धरून राहत असल्याने पत्र्याला मधे कुठेच भोक पडत नाही, हे मला मनापासून पटले आहे.

समुद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळे खाऱ्या वाऱ्यात जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा असलेला पोलादी पत्रा टिकेल, की ॲल्युमिनियमच घ्यावे? ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, म्हणजे १० मीटरच्या पट्टीत तापमानातील ५० अंशांच्या फरकाने जवळजवळ १२ मिलिमीटर. तेव्हा सरकत्या (पट्टीला लांबीच्या दिशेने हलू देणाऱ्या) क्लिपा वापरताना पट्टी आढ्याशी पक्की करावी की पागोळीकडे? जुन्या वाशांवर नुसत्या रिपा पुरतील, की पावसाचा आवाज आणि पत्र्याखाली सुटणारे पाणी लक्षात घेऊन सलग फळ्या ठोकाव्यात, हेही ठरत नाही.

कोकणात किंवा गोव्यात असे काम प्रत्यक्ष करून घेतलेल्यांनी, विशेषतः त्यावर काही पावसाळे गेले असल्यास, कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा.