'न्यायाचा दिवस' : न्याय, निवाडा की शिक्षा?

(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

अक्षरखूण

रोज पहाटे घरातले उठायच्या आत अर्धा तास बायबल वाचायचं आणि अडलेला शब्द वहीत टिपायचा, असा माझा काही वर्षांचा नेम आहे. वहीत सध्या सर्वांत जास्त खाडाखोड 'न्याय' या शब्दाच्या पानावर आहे.

अडले ती जागा यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातली, सतरावं वचन. 'अनाथाचा न्याय करा. विधवेचा कैवार घ्या.' कैवार समजला. पण अनाथाचा न्याय? त्या पोराने काय गुन्हा केलाय? आपण बोलताना 'त्याचा न्याय करा' म्हणतो तेव्हा तो पिंजऱ्यात उभा असतो. 'त्याला न्याय द्या' म्हटलं की तोच फिर्यादी होतो. एका प्रत्ययाने माणूस कोर्टाच्या या बाजूचा त्या बाजूला जातो. मग इथे 'चा' का?

दुसरं, स्तोत्रकर्ता त्रेचाळिसाव्या स्तोत्रात आपणहून देवाला म्हणतो, माझा न्याय कर. आमच्या घरी हे कुणी कधी मागितलं नसतं. लहानपणी कपबशी फोडून तुकडे चुलीमागे लपवले की आई म्हणायची, "लपव लपव, न्यायाच्या दिवशी सगळं बाहेर येईल." न्यायाचा दिवस, म्हणजे शेवटी देव सगळ्यांचा न्याय करील तो. तेव्हापासून माझ्या कानात तो दिवस म्हणजे पाठीत धपाटा. शब्दाचा अर्थच असा आहे की आईने तो तसा केला?

जुना कोश

ताई, आईला सोडून द्या. घोटाळा जुना आहे.

यशयातलं क्रियापद 'शाफत' या हिब्रू धातूचं. त्याच धातूवरून 'मिश्पात' हे नाम येतं. आपण त्याला न्याय म्हणतो खरं, पण त्यात खटला, निकाल, वहिवाट, हक्क, कारभार असं बरंच काही मावतं. 'अनाथाचा मिश्पात करा' म्हणजे त्याचं जे हक्काचं आहे ते त्याच्या पदरात टाका, विस्कटलेली घडी नीट बसवा. तुमच्या प्रश्नातला 'चा' हिब्रू क्रियापदाच्या थेट कर्मावरून आलेला असावा. मराठी कानाला तो आरोपीचा वाटतो, यात तुमच्या कानाचा दोष नाही.

याच धातूचा 'शोफेत', म्हणजे मिश्पात करणारा. बायबलमध्ये या लोकांच्या नावाचं एक पुस्तकच आहे आणि मराठीत त्याचं नाव 'न्यायाधीश' नाही, 'शास्ते' आहे. मला हा शब्द फार आवडतो. कारण गिदोन, इफ्ताह, शमशोन हे काही काळा कोट घालून बसणारे नव्हते. संकटात पुढे होऊन लोकांना सोडवणारी माणसं होती. दबोरा मात्र रामा आणि बेथेल यांच्या मधे एका खजुरीच्या झाडाखाली बसायची आणि लोक वर चढून तिच्याकडे निवाड्यासाठी जायचे. तीच बाई पुढे लढाईलाही निघाली. एवढं सगळं एका 'न्यायाधीश'मध्ये कोंबता आलं नसतं. (कार्थेजच्या मुख्य अधिकाऱ्यांनाही याच धातूचं नाव होतं. रोमन लोक ते 'सुफेस' असं लिहीत.)

आता मराठीत 'शास्ते'च्या शेजारीच 'शास्ती' बसलेली आहे, म्हणजे दंड. शेजार वाईट. थोडा धपाटा तिथूनही आला असेल.

आणि मीखाच्या सहाव्या अध्यायातलं आठवं वचन काढून बघा. देव माणसाकडून काय मागतो? 'नीतीने वागणे, आवडीने दया करणे' आणि नम्रपणे चालणे. मुळात पहिलं मागणं 'मिश्पात करणे' असं आहे. मराठीने तिथे 'नीती' घातली. वाक्य गोड झालं, पण धार गेली. नीतीने घरात बसूनही वागता येतं. मिश्पात करायला चावडीवर जाऊन कुणाशी तरी वाकडं घ्यावं लागतं.

पडवी

ग्रीकचं मी सांगतो, त्यातही जरा मराठीचंच जास्त.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ग्रीकमध्ये लिहिलेल्या दुसऱ्या भागात, न्यायनिवाड्याला 'क्रिसिस' हा शब्द आहे. क्रियापद 'क्रिनो'. त्याचा मूळ अर्थ वेगळं करणे, निवडणे. मग त्यावरून ठरवणे, निकाल देणे. आता मराठी 'निवाडा' बघा. तो आला 'निवडणे'वरून. तांदूळ निवडायला ताटात घेतो, खडे एका कडेला, दाणे एका कडेला, तेच हे. मराठेशाहीत गोतसभा वाद ऐकून शेवटी जो कागद द्यायची त्याला निवाडपत्र म्हणत. कुणाचं वतन, कुणाची हद्द, हे त्यात वेगळं करून लिहिलेलं असायचं. फटके कुणाला, हा पुढचा विषय.

म्हणजे 'न्यायनिवाडा' या जोडशब्दात 'न्याय' संस्कृतातून आलेला आणि 'निवाडा' घरचा. लोक पहिल्यावर जोर देतात. ग्रीकशी नातं दुसऱ्याचं आहे.

योहानाच्या तिसऱ्या अध्यायात एकोणिसावं वचन आहे: 'निवाडा हाच आहे की, जगात प्रकाश आला आहे,' आणि माणसांनी प्रकाशापेक्षा अंधाराची आवड धरली. इथे कुणी हातोडा आपटत नाही. माणसांनी काय निवडलं तोच त्यांचा निवाडा. हे वाक्य मराठीत ग्रीकपेक्षाही जास्त वाजतं असं माझं मत आहे. ज्याने कुणी इथे 'न्याय' न लिहिता नुसता 'निवाडा' ठेवला त्याचा कान तयार होता.

आणि हेच क्रियापद मत्तयाच्या सातव्या अध्यायात येतं तेव्हा मराठी बायबल काय म्हणतं? 'कोणाचे दोष काढू नका.' एकच क्रिनो, एका ठिकाणी निवाडा आणि एका ठिकाणी दोष काढणे. दोन्ही बरोबर आहेत. पण नुसतं मराठी वाचणाऱ्याला हा एकच शब्द आहे याचा पत्ता लागत नाही.

तिरकस

छान चाललंय. पण निवाडा आणि क्रिसिस यांचं हे जे जुळलंय त्याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. (बघा, इथेही 'न्याय'च आला, आणि त्याचा कोर्टाशी काडीचा संबंध नाही. संस्कृतात न्याय म्हणजे रीत, युक्ती, तर्काचं शास्त्र. एवढा पसरट शब्द भाषांतराला घेतल्यावर गोंधळ होणारच.) अर्थाची वाट जगात कुठेही अशीच जाते. वेगळं करणे, मग ठरवणे. म्हणून भाषांतरकाराला दैवी प्रेरणा झाली असं समजू नका.

दुसरं म्हणजे धपाटा एकदम काढून टाकू नका. मत्तय, तिसरा अध्याय, येशूबद्दल: त्याच्या हातात सूप आहे, तो खळं स्वच्छ करील, गहू कोठारात, भूस न विझणाऱ्या आगीत. निवडून झाल्यावर खड्यांचं काय होतं ते पडवीकरांनी सांगितलं नाही.

पडवी

मान्य, भूस जळतं. दैवी प्रेरणाही मागे घेतो, कावळा तुमचा.

पण त्या 'सूप' शब्दाबद्दल राहवत नाही. ग्रीकमध्ये तिथे 'प्तुओन' आहे, म्हणजे धान्य वर उडवायचं लाकडी फावडं. म्हणजे ते पाखडणं नाही, उपणणं आहे. आमच्याकडे खळ्यावर ज्वारी उपणताना आजोबा उंच तिवईवर चढायचे, खालून आम्ही पाट्या भरून द्यायचो आणि ते वाऱ्याचा अंदाज घेत थांबायचे. वारा पडला की काम बंद. हात तसाच वर, पाटी खांद्याशी. वारा आला की धार सोडायची, दाणा सरळ पायाशी आणि भुसा लांब जाऊन पडायचा. निवड हाताने होतच नाही, वाऱ्याने होते. सूप म्हटलं की मला बाई उंबऱ्याशी बसून पाखडताना दिसते. चित्र ओळखीचं झालं, पण वारा गेला. आणि हिब्रूत वारा आणि आत्मा यांना एकच शब्द आहे, 'रूआख'. ग्रीकमध्येही 'प्नेउमा' दोन्हींचं काम करतो. त्याच वचनाच्या आधीच्या ओळीत पवित्र आत्मा आहे, हे ध्यानात घेतलं तर वारा जायला नको होता.

अक्षरखूण

म्हणजे अनाथाच्या बाजूने पाहिलं तर न्यायाचा दिवस सुटकेचा. आता शहाण्णव आणि अठ्ठ्याण्णव ही स्तोत्रं उलगडली. देव पृथ्वीचा न्याय करायला येतोय म्हणून रानातली झाडं गातात, नद्या टाळ्या वाजवतात. मी ते इतकी वर्षं नुसती काव्याची हौस समजत होते. धपाटा येणार म्हणून कोण टाळ्या वाजवेल?

वहीतलं पुढचं पान 'सत्य'. येशू म्हणतो सत्य तुम्हांला बंधमुक्त करील, आणि त्याचा खटला चालवणारा रोमन सुभेदार पिलात विचारतो सत्य काय आहे. पिलाताचा प्रश्न मला कळतो, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा कुणीही तसं विचारेल. पण जुन्या करारातलं सत्य त्या जातीचं वाटत नाही.

जुना कोश

नाहीच. जुन्या करारात 'एमेत' आहे. धातू तोच ज्यावरून 'आमेन' आला. अर्थ: टिकणारं, न डगमगणारं, भार टाकता येईल असं. याच घराण्यातला 'एमूना' शब्द निर्गमाच्या सतराव्या अध्यायात मोशेच्या हातांसाठी वापरलाय. लढाई चालू आहे, मोशेचे हात भरून येतात, अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवून दोन्हीकडून हात धरतात आणि सूर्य मावळेपर्यंत हात 'एमूना' राहतात. म्हणजे स्थिर. तिथे 'सत्य' लिहून चालेल का?

यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो, मी तुला उत्तम द्राक्षवेल म्हणून लावलं, सगळं 'एमेत'चं बी. सत्याचं बी म्हणजे काय? आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात जाऊन शेतकरी मागतो तेच, खात्रीचं बियाणं. पेरल्यावर जे पिशवीवर लिहिलंय तेच उगवेल असं. यिर्मयाची तक्रार हीच आहे की उगवलं भलतंच.

आणि येशूचं 'मी तुम्हांला खचीत खचीत सांगतो' हे ग्रीकमध्ये 'आमेन आमेन' आहे. मराठीने 'खचीत' घेतलं, उत्तम केलं. हल्ली लोक 'खरोखर' सुचवतात. खरोखर फार गुळगुळीत झालाय, रिक्षावालासुद्धा म्हणतो.

तिरकस

'खचीत' आता चर्चच्या बाहेर कुणी म्हणतं का? माझ्या मुलीने विचारलं, बाबा, हे खचाखचचं स्पेलिंग चुकलंय का.

वसईचा वारा

शेवटच्या काळाचा विषय निघालाय तर दोन पैसे माझे.

आमच्या भागात कुणीतरी दर पाच-सहा वर्षांनी तारीख घेऊन येतं. अमुक दिवशी जगाचा अंत. मी मराठी बायबल पुढे करतो. त्यात 'जगाचा अंत' नाहीच, 'युगाची समाप्ती' आहे. ग्रीक 'आयोन' म्हणजे काळ, युग. सोळाशे अकराच्या इंग्रजी भाषांतरातही तिथे 'जग' आहे आणि ते सगळीकडे पसरलं. इथे मराठी मुळाच्या जास्त जवळ आहे. फक्त 'युग' म्हटलं की आपल्या डोक्यात कलियुग आणि त्याच्यामागून पुन्हा सत्ययुग असं चाक फिरायला लागतं, ते तेवढं थांबवावं लागतं.

तारखेच्या वेडाचं सर्वांत मोठं उदाहरणही एका शब्दावर उभं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता. बायबल आणि शब्दसूची (कुठला शब्द कुठल्या वचनात येतो ते दाखवणारी) एवढंच घेऊन उत्पत्तीपासून एकेक वचन ताडत बसला, अक्षरखूणताईंसारखाच, घरी. दानीएलाच्या आठव्या अध्यायात २३०० हा आकडा आहे. इंग्रजीत होतं '२३०० दिवस'. त्याने दिवसाचं वर्ष धरलं, इ.स.पू. ४५७ पासून मोजलं आणि १८४३च्या आसपास येऊन पोचला. पुढे त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. काहींनी शेतातलं पीक काढलंसुद्धा नाही. तेवीस तारखेला सूर्य नेहमीसारखा उगवला. इतिहासात त्याला 'महानिराशा' म्हणतात.

आणि मूळ हिब्रूत 'दिवस' हा शब्दच नाही. 'संध्याकाळ-सकाळ, २३००' असं आहे. मंदिरात रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं होमार्पण व्हायचं, ते बंद पडल्याची गोष्ट मागच्याच वचनांत चालू आहे. म्हणून पुष्कळ अभ्यासक तो आकडा चुकलेल्या अर्पणांचा धरतात, म्हणजे ११५० दिवस. माणूस प्रामाणिक होता, मेहनतीही होता. शब्दसूची मात्र इंग्रजीची होती.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं नाव 'प्रकटीकरण', तोही असाच भीतीखाली दबलेला शब्द. ग्रीक 'अपोकालिप्सिस' म्हणजे झाकण काढणं. इंग्रजी सिनेमांनी त्याचा सर्वनाश केला, अक्षरशः. मराठीत प्रकट होणे, प्रकटन असे शब्द शिल्लक आहेत म्हणून आपण वाचलो. पेपरात शेवटच्या पानावर 'जाहीर प्रकटन' वाचून कुणी पळत सुटत नाही.

अक्षरखूण

मिलरचा किस्सा वाचून मी माझ्या वहीकडे जरा संशयाने बघतेय!

एक सापडलंय, ते लिहून थांबते. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात येशू म्हणतो, त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. ग्रीकमध्ये तिथे 'होरा' आहे, तास किंवा वेळ. मराठीत 'घटका'.

आईला फोन करून विचारलं, घटका म्हणजे काय गं? ती म्हणाली, चोवीस मिनिटं. तिच्या आजीच्या गावात लग्नाला घटिकापात्र मांडायचे. पाण्याने भरलेलं घंगाळ, त्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाणी हळूहळू आत चढतं आणि वाटी भरली की टुपकन बुडते. ती बुडाली की घटका भरली.

मी विचारलं, घटका भरली असं मरणाऱ्या माणसाबद्दल म्हणतात ना?

"म्हणतात," आई म्हणाली. "पण आमच्याकडे वाटी बुडाली की वाजंत्री सुरू व्हायची."

त्या अध्यायाच्या पुढचंच पान दहा कुमारींचं आहे, दिवे घेऊन नवऱ्याची वाट बघणाऱ्या.