सोडून द्यायचं म्हणजे काय करायचं?
‘जे हातात नाही ते सोडून द्या’ असं नेहमी सांगितलं जातं, ते पटतं, पण सोडायचं कसं हीच तर गोची आहे! मन काही रिकामं बसत नाही. तपासणीचा रिपोर्ट यायला २ दिवस होते, तेव्हा मी दर दहा मिनिटांनी फोन उघडत होतो. शेवटी कागदावर लिहिलं: निकाल माझ्या हातात नाही; पण डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, जुन्या फायली लावणं, झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं, एवढं हातात आहे. फायली लावताना तासभर तरी डोकं शांत राहिलं. हातात काय आहे आणि काय नाही, हा भेद ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसने सुमारे १९०० वर्षांपूर्वी सांगितला, आणि तो गुलामीत जन्मलेला, म्हणून त्याचं ऐकावंसं वाटतं. मात्र साहेबाने गळ्यात मारलेल्या जादा कामाला लगेच ‘हातात नाही’ म्हणू नका. निदान मुदत तरी वाढवून मागता येते.