मदत हवी आहे: कळव्यातून चंद्र कालनिर्णयपेक्षा रोज उशिरा का उगवतो?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात एस.वाय.बी.कॉमला आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे शाखेबाहेरचा एक विषय घ्यावा लागतो, मी खगोलशास्त्राची तोंडओळख घेतली. सूर्यमाला, ताऱ्यांचा जन्म-मृत्यू, आकाशगंगा आणि शेवटी महास्फोट. दहावीनंतर विज्ञान सुटलं होतं, पण या विषयाचा एकही तास मी बुडवलेला नाही.

इंटर्नलला चंद्राची वही आहे. पौर्णिमेपासून रोज चंद्र कधी उगवला ते स्वतः बघून लिहायचं. मी कोजागिरीपासून सुरुवात केली. आमचं घर कळव्यात पाचव्या मजल्यावर, गॅलरी पूर्वेला, समोर पारसिकचा डोंगर. डोंगराच्या कडेवर आधी पिवळट उजेड येतो, झाडांचे शेंडे काळे दिसायला लागतात आणि मग चंद्राची कड वर येते. ती दिसली त्या मिनिटाला मी वेळ लिहिली आहे.

कालनिर्णयमधल्या वेळेपेक्षा माझ्या वेळा चार दिवस अशा उशिरा आल्या: १९, २२, २६, ३१ मिनिटं. सरांनी वही परत दिली. म्हणाले, वेळा चुकल्यात, पुन्हा कर. मैत्रिणी सांगतात की सरळ कालनिर्णयमधून उतरव. मला ते करायचं नाही. मी जे पाहिलं तेच लिहिलंय.

डोंगरामुळे उशीर होतो इतकं कळतं. पण मग तो रोज सारखाच का नाही? वाढत का गेला? आणि षष्ठी-सप्तमीनंतर चंद्र मध्यरात्री उगवतो, तेव्हा जागायला घरचे परवानगी देत नाहीत. उरलेली पानं कशी भरू?

पूर्वक्षितिज

तुझ्या नोंदी चुकलेल्या नाहीत. सरांना आकडे दाखवून पटवता येईल, ते कसं ते सांगतो.

पंचांगातला चंद्रोदय सपाट क्षितिजासाठी काढलेला असतो, समुद्रावर दिसतं तसं. तुझं क्षितिज म्हणजे डोंगराची कड. हात पूर्ण लांब करून मूठ धर. मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. इमारतींच्या गच्चीपासून न मोजता डोळ्यांच्या पातळीतल्या आडव्या रेषेपासून डोंगराच्या माथ्यापर्यंत किती मूठ होते ते बघ. आपल्या १९ अंश अक्षांशावर उगवता चंद्र एक अंश वर यायला सव्वाचार-साडेचार मिनिटं घेतो. अर्धी मूठ, म्हणजे ५ अंशांचा डोंगर असेल तर बावीस-तेवीस मिनिटं तिथेच गेली.

उशीर वाढत गेला कारण चंद्र रोज एकाच जागी उगवत नाही. कोजागिरीला तो जवळपास पूर्वेला उगवतो आणि पुढचे काही दिवस उत्तरेकडे सरकत जातो. सध्याच्या वर्षांत तो ईशान्येकडे ३० अंशांपर्यंत, म्हणजे तीन मुठी जातो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी ५ अंशांनी कललेली आहे आणि १८.६ वर्षांच्या फेऱ्यात हे सरकणं कमी-जास्त होतं. आत्ता ते जास्तीच्या बाजूला आहे. तुमच्याकडे ईशान्येला डोंगर उंच असणार. रोज चंद्र कुठून वर आला तिथे डोंगराच्या चित्रावर खूण कर. माझ्या मते हे चित्र वहीतलं सगळ्यात चांगलं पान होईल.

कालनिर्णय मुंबईचं आहे म्हणून फरक पडला, असं कुणी म्हणालं तर ते धरू नकोस. मुंबई आणि ठाणे यांच्यात जेमतेम अर्ध्या मिनिटाचा फरक येतो.

मध्यरात्री जागू नकोस. कृष्ण पक्षातला चंद्र सकाळी पश्चिमेला असतो. सात-साडेसातला स्टेशनवर जाताना वर बघ, निळ्या आकाशात फिकट पांढरा दिसेल. नोंदीत ‘उगवला’ न लिहिता ‘दिसला’ लिही, वेळ, दिशा आणि किती मूठ उंच ते लिही. ढग असतील तर ‘ढग’ लिही.

ऐरोलीकर

याच धाग्यात विचारते. संकष्टीला चंद्रोदय कधी पावणेनऊला, कधी दहा वाजून जातात. सासूबाई दर महिन्याला विचारतात, उत्तर मला येत नाही. तिथी तर तीच असते ना?

पूर्वक्षितिज

ताई, तीन गोष्टी एकत्र येतात. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास, तर जुलैत सव्वासातनंतर होतो, आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो. म्हणजे मोजणीची सुरुवातच पुढे-मागे होते. दुसरं, चतुर्थी म्हणजे सूर्यापासून चंद्राचं अंतर २१६ ते २२८ अंशांमध्ये असणं. चंद्रोदयाच्या वेळी ती नुकतीच लागलेली असेल किंवा संपत आलेली. तिसरं, चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो खरा, पण ही फक्त सरासरी आहे. पृथ्वीजवळ, सुमारे ३,६३,००० किमीवर असताना तो भरभर सरकतो, ४,०५,००० किमीवर असताना सावकाश. शिवाय कोजागिरीच्या सुमारास त्याचा मार्ग क्षितिजाशी तिरपा पडतो, म्हणून तेव्हा रोजचा उशीर चाळीस-बेचाळीस मिनिटांवरही येतो.

धागाकर्तीला एक सुचवतो. चतुर्थीला घरून कुणालातरी बघायला सांग आणि तू कोपरीकडे खाडीच्या काठावर जा. डोंगर लांब गेला की बुटका होतो. एकाच रात्री दोन ठिकाणी दोन वेळा मिळाल्या की वेगळा पुरावा लागणार नाही.

धागाकर्ती

काका, खूप आभार. त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या संकष्टीला केलं. भाऊ गॅलरीत फोन धरून बसला होता, मी आणि आई कोपरीला. आम्हाला कालनिर्णयच्या वेळेनंतर १२ मिनिटांनी चंद्र दिसला. आईने तिथेच हात जोडले. भावाचा ‘दिसला’ असा मेसेज आणखी १७ मिनिटांनी आला.

घरातून डोंगर मुठीच्या अर्ध्याहून थोडा जास्त भरतो. त्याचं चित्र काढलंय, दोन्ही महिन्यांच्या खुणा केल्यात. काल वही दाखवली. सरांनी दोन्ही वेळा वाचल्या आणि वर्गात सगळ्यांना मुठीने फळ्याची उंची मोजायला लावली. कोजागिरीची पानं तशीच ठेव म्हणाले.

आज सकाळी कळवा स्टेशनच्या पुलावरून पश्चिमेला चंद्र दिसला. ७ वाजून १० मिनिटं, साडेचार मुठी.