मदत हवी आहे: भुताची साक्ष कुठे आणू?

मंडळी, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातली झोना हीस्टर शू हिची गोष्ट कथाकथनासाठी बसवतेय, पण शेवटाशी अडलेय.

जानेवारी १८९७. झोना घरात मेलेली सापडली. डॉक्टर येण्याआधीच नवऱ्याने तिला उंच गळ्याचा पोशाख चढवलेला. तिच्या मानेशी कुणी गेलं की चवताळायचा. शेवटचं दर्शन घेणाऱ्यांना तिचं डोकं सैल डुगडुगताना दिसलं. आई मेरी जेन सांगू लागली, लेक चार रात्री आली होती, नवऱ्यानेच मान मोडली म्हणाली. प्रेत उकरून शवविच्छेदन केलं, तर मान खरंच मोडलेली! नवऱ्याला जन्मठेप झाली.

गंमत म्हणजे सरकारी वकिलाने भुताचं नावही काढलं नव्हतं. आरोपीच्याच वकिलाने उलटतपासणीत आईला खोटं पाडायला विषय काढला आणि तो त्याच्या अंगाशी आला. ते स्वप्न नव्हतंच, यावरून म्हातारी तसूभर हलली नाही.

तर लेकीचं येणं आधीच सांगू, की उलटतपासणीपर्यंत दडवून ठेवू? शिवाय कोर्टात मराठीतून काम करणारं कुणी आहे का? वकिलाच्या तोंडचे दोन-तीन खोचक प्रश्न सुचवा ना. माझे फारच पुस्तकी झालेत.