मदत हवी आहे: आलेख आपोआप निवडणाऱ्या प्रणालींबद्दल

मंडळी, एमएस्सीच्या सेमिनारसाठी संगणकशास्त्रज्ञ जॉक मॅकिन्ले यांचं काम घेतलंय. त्यांची १९८६ची 'एपीटी' प्रणाली माहिती बघून आलेख स्वतःच ठरवायची. आकडे असतील तर ते दाखवायला आधी स्थान (बिंदू कुठे आहे ते), मग लांबी, मग कोन; रंगछटा पार तळाला. तीच रंगछटा नुसती नावं वेगळी दाखवायला मात्र दुसऱ्या नंबरावर! (ऊठसूट पाय चार्ट काढणाऱ्यांनी वाचावंच.)

अडलंय पुढे. हा क्रम स्थिर चित्रासाठीचा. वापरणाऱ्याने फिल्टर लावला की दर वेळी नवा आलेख आला तर तो गोंधळणार. जुनाच ठेवला तर उरलेल्या माहितीला कदाचित गैरलागू. यावर काय वाचू? आणि 'ड्रॅको' (नियमांवरून आलेख सुचवणारी प्रणाली) कोणी चालवून पाहिलंय का? त्यासाठी आन्सर सेट प्रोग्रॅमिंग (नियम लिहून द्यायचे, त्यात बसणारी उत्तरं संगणक शोधतो, ती पद्धत) आधी शिकावं लागेल का?